रडण्याचा आवाजच काढून टाकलाय असे सीन

शेवटची रांग:
काल 'सैराट' परत बघितला. (बघितला नसेल तर पुढे वाचू नका, शेवट सांगतोय.) काय होणार ते पाठ आहे तरी छातीत तसंच धस्स झालं. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रावर रेकॉर्ड केलेलं ते संगीत, अर्धा पिक्चर आपण त्यात नाचतोय, आणि शेवटी आई-बापाचा खून झालेल्या घरात लेकरू येतं तर आवाजच बंद. रडतंय ते, दिसतंय, पण ऐकू काहीच येत नाही आणि मग ती लाल पावलं. तिथे एक व्हायोलिन जरी वाजलं असतं ना, तरी मी रडून मोकळा झालो असतो. असे अजून कुठले सीन आठवतात? जुने-नवे कुठलेही चालतील.

जुनी रिळं:
'पथेर पांचाली', १९५५. हरिहर कितीतरी दिवसांनी घरी आलाय, मुलगी दुर्गा वारली हे त्याला माहीतच नाही, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतोय आणि दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो. ती कोसळते, पण तिचा हंबरडा ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. संगीत रविशंकरांचं. म्हणजे इथे शांतता नाहीये, माणसाच्या गळ्यातला आवाज काढून वाद्याला दिलाय. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितला तेव्हा हे कळलंच नव्हतं, मला वाटलं तीच रडतेय.

मध्यंतर:
'गॉडफादर'चा तिसरा भाग, १९९०. माझ्या मते पहिल्या दोन भागांच्या आसपासही नाही तो, पण ऑपेराच्या पायऱ्यांवर मुलगी गोळी लागून गेल्यावर अल पचिनो तोंड उघडतो आणि आवाज येत नाही, बराच वेळ येत नाही, आणि मग एकदम येतो. तेवढ्यासाठी मी तो पिक्चर चार वेळा बघितलाय.

बाल्कनी:
थोडं वेगळं मत. आता याचा फॉर्म्युला झालाय. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये (१९९८) टॉम हँक्सचे कान बधिर होतात आणि आपल्यालाही सगळं दबलेलं ऐकू येतं ते खरंच भारी होतं, कारण तो त्याचा अनुभव होता, पण त्यानंतर कुठेही स्फोट झाला की कानात सुंऽऽ आलंच पाहिजे. आवाज कुणासाठी बंद केलाय ते महत्त्वाचं. 'सैराट'मध्ये त्या पोराला काय झालंय ते कळतच नाही, कळणारे फक्त आपणच उरतो. 'धडक'मध्ये, म्हणजे त्याच्या हिंदी रिमेकमध्ये, शेवट बदलला, नवरा आणि मूल जातात, ती वाचते, म्हणजे समजून घेणारं माणूस पडद्यावरच आहे. मला तिथे तेवढं लागलं नाही.

शेवटची रांग:
बाल्कनी, हे पटलं, 'धडक' का लागला नाही ते मला इतके दिवस सांगता येत नव्हतं. यावरून 'द झोन ऑफ इंटरेस्ट' आठवला (२०२३), तिथे बरोब्बर उलटं आहे. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीच्या भिंतीला लागून घर, बाग, मुलं खेळतायत, भिंतीपलीकडचं काही म्हणजे काही दाखवत नाहीत, फक्त ऐकू येतं. साउंडचं ऑस्कर मिळालं त्याला. अर्ध्या तासानंतर माझ्या लक्षात आलं की मी त्या आवाजांकडे दुर्लक्ष करायला लागलोय, घरातल्या लोकांसारखाच. तिथे पॉज केला आणि परत पहिल्यापासून लावला, हेडफोन घालून.