पंधराव्या वर्षी बर्गरच्या दुकानात नोकरी (अमेरिका): काय तपासावं?

खारीबिस्किट:
लेक १५ वर्षांची आहे, ग्रीन कार्ड आहे. उन्हाळ्यात फास्ट फूडच्या दुकानात काम मिळतंय. तास, पगार, फ्रायर (तळणीचं यंत्र) याबद्दल जाणकारांनी सांगावं.

मिरगुंड:
इतर पालकांसाठी आधीच सांगतो, मूल एच-४ वर (एच-१बी वगैरे कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर नोकरी करता येत नाही. त्या व्हिसावरचं वर्क परमिट फक्त जोडीदारासाठी असतं.

केंद्राच्या नियमाने १४-१५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी ३ तास, त्या आठवड्यात १८. सुट्टीत दिवसाला ८, आठवड्याला ४०. संध्याकाळी ७ ला काम बंद, १ जून ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) मात्र ९ पर्यंत चालतं. राज्याचा नियम कडक असेल तर तोच पाळावा लागतो. काही राज्यांत वर्किंग पेपर्सही (अल्पवयीनांसाठी कामाचं परवानगीपत्र) लागतात.

तळणीचा_झारा:
या वयात फ्रायर चालवता येतो, पण बास्केट आपोआप वर-खाली होणारा असेल तरच. हाताने उचलायची असेल तर स्पष्ट नाही म्हणायचं. तेल गाळणं, ओतणं हे तेल गरम असताना करायचं नाही. दुकान बंद करायच्या घाईत नेमकं हेच पोरांच्या गळ्यात पडतं! मीट स्लायसर (मांसाचे काप करायचं यंत्र) तर वयाच्या १८ पर्यंत धुवायलाही मनाई आहे.

तेल साधारण ३५० फॅरनहाइटला असतं. फ्राइजवरचा बर्फ त्यात पडला की क्षणात वाफ होते आणि तेल उसळून वर येतं. म्हणून बास्केट अर्धीच भरायची, तीही फ्रायरपासून लांब. ठासून भरली तर तेल थंड होतं आणि फ्राइज तेल पितात.

बूट न घसरणाऱ्या तळाचेच घ्या. तेलकट फरशी नुसत्या पाण्याने पुसली तर तेल पसरतं, डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) लागतो.

खारीबिस्किट:
धन्यवाद! आणि पगारातून काय कापतात?

मिरगुंड:
सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मिळून ७.६५ टक्के, ते चुकत नाही. गेल्या वर्षी आयकर लागला नसेल आणि यंदाही लागणार नसेल, तर डब्ल्यू-४ वर (पगारातून किती आयकर कापायचा ते सांगणारा फॉर्म) 'एक्झेम्प्ट', म्हणजे आयकर कापू नका, असं निवडता येतं. केंद्राच्या नियमात २० वर्षांखालच्यांना पहिले ९० दिवस तासाला ४.२५ डॉलर देण्याची मुभा आहे, म्हणून दर आधी विचारा.

काउंटरवर बसवलं तर शिफ्टच्या सुरुवातीला गल्ल्याचा ड्रॉवर मोजून घ्यायचा. गिऱ्हाइकाची नोट सुटे परत देईपर्यंत बाहेरच ठेवायची, नाहीतर "मी पन्नासची दिली होती" वर उत्तर नसतं.