जुने पेट्रोल इंजिन एअर फिल्टरमध्ये ऑइल फेकते: सील बदलावे की आधी आणखी काही तपासावे?

रत्नागिरीकर (प्रश्न)
माझ्याकडे १९९६ सालची, चार सिलिंडरची, कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी आहे. पावसाळ्यापासून एअर फिल्टरचा कागद ब्रीदरच्या (इंजिनाच्या आतली हवा-वाफ ये-जा करण्याच्या) नळीच्या बाजूने ऑइलने भिजतो, ऑइलच्या झाकणाला आतून सायीसारखा पिवळट फेस धरतो आणि क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गळते. रेडिएटरमधले पाणी मात्र कमी होत नाही. गाडी रोज जेमतेम तीन किलोमीटर चालते. इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत (म्हणजे सिलिंडरमधला वायू खाली ऑइलच्या भागात उतरत) असल्याने गिअरबॉक्स उतरवून सील बदलावे लागेल आणि नंतर हाफ इंजिनकामही (इंजिन अर्धे खोलून रिंगा वगैरे बदलणे) करावे लागेल, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. एवढ्या खर्चात पडण्यापूर्वी घरी काय तपासता येईल?

जुनी जीप
ब्रीदरची नळी फिल्टरमधून काढून खाली रस्त्याकडे सोडून द्यावी. पूर्वीच्या अनेक गाड्यांना कारखान्यातूनच तशी नळी येत असे आणि त्यांची इंजिने वर्षानुवर्षे चालली.

उद्यमनगर
वरील उपायाशी मी सहमत नाही. ती जुनी नळी चालत्या गाडीच्या वाऱ्याने आतली वाफ ओढत असे, त्यामुळे गाडी उभी असताना किंवा हळू चालताना तिचा उपयोग जवळजवळ नसे. आपली गाडी तर बाजारातच फिरते. शिवाय फिल्टरकडचे तोंड उघडे राहिल्यास कार्ब्युरेटर न गाळलेली धूळ ओढेल.

पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरणे नव्या इंजिनातही टळत नाही. तो पीसीव्ही वॉल्वमधून (हा वायू बाहेर जाऊ देणाऱ्या छोट्या झडपेतून) मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांत) खेचला जातो आणि त्याच्या जागी ब्रीदरच्या नळीतून फिल्टरची स्वच्छ हवा आत येते. वॉल्व किंवा त्याची वाट तुंबली की तोच वायू ब्रीदरमधून उलटा फिरतो, फिल्टर भिजवतो आणि दाब साचला की सर्वांत कमजोर सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. असा दाब कायम ठेवून सील बदलले, तर काही महिन्यांत गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची वेळ येते.

म्हणून इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे, ऑइलचे झाकण काढून त्या तोंडावर पातळ कागद धरावा. वाट मोकळी असेल तर कागद हलकेच चिकटतो; तो फडफडून उडत असेल तर आत दाब आहे. त्यानंतर वॉल्व टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून) उपसून त्याच्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ जाणवली नाही, तर वॉल्व किंवा मॅनिफोल्डकडची नळी बंद आहे. वॉल्व हलवल्यावर खुळखुळला म्हणजे तो ठीक आहे, असे अनेकजण मानतात, पण स्प्रिंग थकलेला वॉल्वही खुळखुळतो. नवा वॉल्व फार महाग नसतो, तेव्हा घासत बसू नये. त्याची रबरी बूचही सोबत बदलावी आणि नळी ऑइल सोसणारीच घ्यावी, कारण साधी पाण्याची नळी फुगून मऊ होते आणि ओढीने आतून चिकटते.

टॅपेट कव्हरच्या आत ऑइल अडवणारा पत्र्याचा पडदा असतो, त्यामागे डांबरासारखा थर साचतो. कव्हर उतरवून रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवावे. आपल्या वर्णनावरून माझा पहिला संशय तिथेच आहे. झाकणावरचा फेस केवळ छोट्या फेऱ्यांमुळेही येतो, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि वाफ उडून जात नाही. ऑइलच्या कांडीवरही फेस दिसला, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाचा माथा आणि सिलिंडर यांच्यामधली पट्टी; ती फाटल्यास पाणी ऑइलमध्ये मिसळते) तपासावे.

एवढे करूनही कागद उडत असेल, तर सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजावे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर आकडा बराच चढला, तर रिंगा झिजल्या आहेत. जागचा हलला नाही, तर सिलिंडरच्या वॉल्वचा (पीसीव्हीचा नव्हे) किंवा गॅस्केटचा दोष आहे.

रत्नागिरीकर
कांडी स्वच्छ होती. वॉल्व तर हलवल्यावर खुळखुळत होता! पण पडद्यामागून चमच्याने खरवडून काढावा लागेल इतका काळा गाळ निघाला. वॉल्व, बूच व नळी बदलली आणि आता कागद चिकटतो. कॉम्प्रेशन चारपैकी तीन सिलिंडरांत सारखे असून तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये थोडे कमी आहे; ऑइल घातल्यावर तेही बाकीच्यांच्या जवळ आले, म्हणजे त्या रिंगा थकल्या आहेत. दोन आठवड्यांत फिल्टर कोरडा आहे. सील अजून पाझरते, पण गाडीखालच्या पुठ्ठ्यावर पूर्वी तळहाताएवढा डाग पडत असे, तो आता रुपयाएवढा पडतो. तूर्त गिअरबॉक्स उतरवत नाही.