पॅनवर भलत्यानेच कर्ज काढलंय, नंबरच बदलून मिळतो का?

ओव्हरलॉक_सांगली
नमस्कार. सांगलीत माझं ब्लाउज-परकर शिवायचं छोटं दुकान आहे. दिवाळीच्या गर्दीआधी ओव्हरलॉक मशीन घ्यावं म्हणून बँकेत अर्ज टाकला, तर साहेब म्हणाले, "ताई, तुमचं आधीचंच थकलंय की." मी आजवर कर्ज घेतलं ते फक्त बचत गटाचं, तेही फिटलं. सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा, रिपोर्ट काढला. नाव माझं, जन्मतारीख माझी, पॅन माझा. मोबाइल भलत्याचाच आणि पत्ता सुरतेचा! सुरत मी जन्मात बघितलेली नाही. अ‍ॅपवरची दोन कर्जं, एक 8,000 चं, एक 15,000 चं. आता वसुलीवाल्याचा फोन येतो, "पाच हजार भरा, विषय मिटवा." माझा नंबर त्याला कुणी दिला देव जाणे. घरचे म्हणतात, भरून टाक.

मला वाटतं, हा पॅन रद्द करून नवा घ्यावा. एटीएम कार्ड हरवलं की नवा नंबर येतोच ना? शिवाय पॅनवर आडनाव अजून माहेरचंच आहे. त्या निमित्ताने अर्ज केला तर नंबर बदलेल का?

मिरजकर_काका
पोरी, भर आणि मोकळी हो. सीझनला मशीन नसलं तर पाच हजारांपेक्षा जास्त बुडेल.

रिटर्नवाला_कोल्हापूर
काका, राग मानू नका, पण हे ताईंच्या अंगाशी येईल. पैसे भरले की कर्ज माझंच होतं असं कबूल केल्यासारखं होतं. वर रिपोर्टात 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं, असा शेरा राहतो, आणि तो बघितला की बँकवाले फाइल बाजूला सारतात.

ताई, मी करसल्लागाराकडे कामाला आहे, हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. पॅनचा नंबर बदलून मिळत नाही. कार्ड हरवो, फाटो, आडनाव बदलो. कार्ड नवं, नंबर तोच. तुमच्या पॅनचं पाचवं अक्षर बघा, माहेरच्या आडनावाचं पहिलं अक्षर असेल. सासरचं आडनाव लावून घेतलंत तरी ते अक्षरसुद्धा हलणार नाही. दुसरा पॅन काढाल तर 10,000 रुपये दंड. आणि सिबिल काही नुसत्या पॅनवर चालत नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता जुळवून ती कर्जं परत तुमच्याच माथी येतील.

तेव्हा नंबर सोडा, कर्जाच्या मागे लागा. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर पोर्टलवर तक्रार करा. रिपोर्टात अ‍ॅपचं नाव नसतं, मागच्या फायनान्स कंपनीचं असतं. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तक्रारीचा नंबर टाकून मेल करा आणि कर्जाचा करार, केवायसीचे कागद आणि पैसे कुठल्या खात्यात गेले त्याचा यूटीआर (बँकेतल्या त्या व्यवहाराचा नंबर) मागा. खरी मेख यूटीआरमध्ये आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे पैसे थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जावे लागतात. खातं तुमचं नाही म्हटल्यावर त्यांना बोलायला जागा उरत नाही.

सिबिलवर डिस्प्यूटही टाका, म्हणजे नोंद चुकीची आहे अशी तक्रार, पण सिबिल स्वतःहून काही पुसत नाही, कंपनीलाच विचारतं. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई आहे, 2024 पासून. सिबिलसारख्याच एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्यांचेही रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतात. एका ठिकाणी पुसलं आणि दुसरीकडे राहिलं, असं नको. आणि आयकराच्या साइटवर एआयएस (पॅनवरच्या व्यवहारांची वार्षिक यादी) उघडून बघा, तुमच्या नावावर भलतेच व्यवहार दिसतायत का.

एडिसनकर
इकडे अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर (इकडचा पॅनसारखा सरकारी नंबर) बदलून मिळू शकतो, पण सगळे उपाय थकल्यावर आणि त्रास चालूच असल्याचे पुरावे दिल्यावर. तरी जुना नंबर सरकारी दप्तरात नव्याला जोडलेलाच राहतो. आणि नव्या नंबरावर उधारीचा इतिहास कोरा, म्हणून चांगल्या माणसालाही कर्ज मिळताना मारामार. बदलला म्हणजे सुटलो, असं इकडेही नाही.

ओव्हरलॉक_सांगली
रिटर्नवाले दादा, सांगितलंत तसं केलं. एआयएस स्वच्छ आहे. कंपनीने केवायसी पाठवलं. पॅन कार्डावर नाव-नंबर माझा, फोटो कुणा दुसऱ्याच बाईचा. खाली सही इंग्रजीत, झोकदार. मी मराठीत सही करते, बँकेत, बचत गटात, सगळीकडे. यूटीआर मात्र दिला नाही, "प्रक्रियेत आहे" म्हणतात. लगेच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (तिथे कंपनीविरुद्ध दाद मागता येते) जाऊ का?

मिरजकर_काका
फोटोच दुसरीचा? मग एक रुपया देऊ नकोस.

रिटर्नवाला_कोल्हापूर
कंपनीला तक्रार केल्यापासून 30 दिवस होऊ द्या, नाहीतर लोकपाल अर्ज परत पाठवतील. तोवर तो फोटो आणि बँकेतला तुमचा सहीचा नमुना शेजारी शेजारी लावून कंपनीला आणखी एक मेल टाका, सायबर पोलिसांनाही प्रत द्या. आणि वसुलीवाल्याला फोनवर काही बोलू नका. जे काय असेल ते लेखी पाठवा, एवढंच म्हणा.