पाणी उकळलं की क्षार जातात का?

या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की बोअरचं जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पाणी उकळलं की सगळे क्षार निघून जातात. अर्धंच खरं आहे. उकळल्यावर फक्त बायकार्बोनेट प्रकारचे क्षार मोडतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट पातेल्याच्या तळाला पांढरं बसतं. त्यावर लिंबाची फोड घासून बघा, बारीक बुडबुडे येतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सल्फेट आणि क्लोराइड मात्र पाण्यातच राहतात, उलट पाणी आटेल तसे दाट होतात.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर अथणीकडचं. माहेरी विहिरीच्या पाण्यात तूरडाळ बघता बघता विरघळायची. इथं सासरी जड पाण्यात पहिल्या वर्षी कुकरच्या कितीही शिट्ट्या काढल्या तरी दाणा दाताखाली कचकचायचा, आणि मला वाटायचं डाळच जुनी. सासूबाईंनी चिमूटभर खायचा सोडा टाकायला सांगितला आणि वरण घोटता आलं. कारण नंतर वाचलं, आणि मला ते फार आवडलं: डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात, पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतं. सोड्यानं पेक्टिन लवकर सुटतं. (जास्त टाकू नका, चव बिघडते आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं.)

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन, म्हणून ते खडकातले क्षार सोडवून घेतं. त्याच गुणानं आपल्या रक्तातही मीठ-साखर विरघळून फिरते. तेव्हा जड पाणी म्हणजे विष, असं जे या चर्चेत दोघातिघांनी म्हटलंय, तेही पटत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतंच. फ्लोराइड-नायट्रेटची तपासणी तेवढी जरूर करून घ्या, ते उकळून जात नाहीत.