मदत हवी आहे : सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये शाकाहारी काय मिळेल?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही चौघं सिंगापूरला चाललोय : मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. मुक्काम लिटल इंडियात, त्यामुळे इडली-डोशाची चिंता नाही. पण रोज डोसाच खायचा तर माटुंगा काय वाईट?

मला जेवायचंय हॉकर सेंटरमध्येच. एका छपराखाली चिनी, मलय, तमिळ गाळे, जो तो आपल्या आवडीचं ताट घेऊन एकाच टेबलावर. टेक्का, मॅक्सवेल आणि गेलांग सेराई ही तीन सेंटरं नक्की केलीत. चिकन राइस, नासी लेमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला मलय भात) यांवर बापलेक तुटून पडतील. प्रश्न सासूबाईंचा. अंडंही चालत नाही, आणि तिकडे साध्या पालेभाजीच्या फोडणीतही बलाचान असू शकतं, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा. लक्सा, म्हणजे नूडल्सचं झणझणीत सूप, त्याच्या वाटणातही तेच.

बौद्ध पद्धतीच्या चिनी शाकाहारी गाळ्यांवर कांदा-लसूणही नसतो म्हणे. मात्र तिथलं सोयाचं ‘मटण’ इतकं हुबेहूब दिसतं की आई ताटावरून उठायच्या!

तर जाणकारांनो, असे गाळे नेमके कुठल्या सेंटरमध्ये? संध्याकाळी उघडे असतात का? ‘मासे-कोळंबी काहीच नको’ हे चिनी काकूंना एका वाक्यात कसं सांगायचं? आणि टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल अडवायची तिथली रीत आपण पाळली तर चालते ना? आईंना ताटकळत उभं राहणं जमत नाही.

‘थेपले न्या’ हा सल्ला कृपया नको, ते बॅगेत असणारच आहेत.