मदत हवी आहे : भिंतीवरची बुरशी आणि पोराचा खोकला

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात तळमजल्यावर भाड्याने राहतो. सोलापूरसारख्या कोरड्या गावात घराला बुरशी लागेल असं कधी वाटलं नव्हतं! वरच्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपून आमच्या बेडरूमची भिंत ओली झालीय. परवा कपाट पुढे ओढलं तर मागे हातभर काळे ठिपके, आणि खालच्या कप्प्यातल्या चादरीला असा कुबट वास की दोनदा धुऊनही जात नाही.

मुलगा सात वर्षांचा, आधीच दम्याचा. पहाटे खोकत उठतो. आजोळी अक्कलकोटला चार दिवस राहिला की एकदम बरा. डॉक्टर म्हणाले, बुरशीच्या बीजाणूंनी दमा उसळू शकतो, आधी ओल थांबवा. अगरबत्ती आणि मच्छर कॉइलही बंद करायला सांगितलंय, त्यांचा बारीक धूर छातीत जातो म्हणे. कॉइल बंद केली, पण आईंची देवापुढची उदबत्ती कशी बंद करणार?

घरमालक म्हणतात, "रंग मारून देतो." गेल्या वर्षी मारला होता, दोन महिन्यांत पोपडे आले. आत पाणी मुरतंय तोवर रंगाचा काय उपयोग?

वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नीट करणारा माणूस कुणाला माहीत आहे का? प्लास्टर खरवडून काढावंच लागेल का? आणि तेव्हा मुलाला घरात ठेवावं की आजोळी धाडावं? वरचे लोक ऐकत नसतील तर सोसायटीला लेखी द्यावं का?