घोडीला अ‍ॅलर्जी आहे, सप्लिमेंट कोणतं आणि कसं निवडू? मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी. आम्ही मखमलाबादला राहतो आणि बाबांची एक मारवाडी घोडी आहे, राणी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. पाऊस सुरू झाला की तिला खाज सुटते, दरवर्षीच, पण यंदा फारच. आयाळीखालची कातडी घासून घासून जाड झालीय, शेपटीच्या बुंध्याशी केस तुटून खुंट राहिलेत, आणि तबेल्याचा जो खांब ती घासते तो तेवढ्याच उंचीवर गुळगुळीत होऊन त्याला केस चिकटलेले असतात. मधूनच मानेवर-छातीवर गांधी पण उठतात. डॉक्टर येऊन गेले, चिलटांची अ‍ॅलर्जी वाटतेय म्हणाले, स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, पण ते सारखं द्यायचं नाही, त्याने लॅमिनायटिस (खुरांच्या आतली सूज) होऊन पाय जाऊ शकतात असं स्पष्ट सांगितलं. म्हणून खाण्यातून काही करता येईल का ते बघतेय.

आता जो भेटतो तो काहीतरी सुचवतो. दुकानात खुरांसाठी एक, केसांसाठी एक आणि ताकदीसाठी एक असे तीन डबे दाखवले, तिन्ही चालतील म्हणे. एका डब्यावर सोया, मळी, यीस्ट आणि "फ्लेवर" एवढंच लिहिलंय, प्रमाण कुठेच नाही. शेजारचे काका म्हणतात रोज लसूण ठेचून घाल, चिलटं जवळ येणार नाहीत, आणि गाईंचं मिनरल मिक्स्चर घरात आहेच तर तेच दे. मी अजून काहीच सुरू केलेलं नाही. सध्या वाळलं गवत, थोडा लसूणघास, भिजवलेले हरभरे आणि जव एवढंच चालू आहे. तिला नक्की कशाची अ‍ॅलर्जी आहे तेच माहीत नसताना डबा निवडायचा कसा? रक्ताची टेस्ट करून कळतं का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, संध्याकाळी तिचं ते तळमळणं बघवत नाही हो.

सिन्नरचा_स्वार:
ताई, आयाळ आणि शेपटीचा बुंधा म्हणजे बहुतेक चिलटंच. घोड्याला खाण्याची अ‍ॅलर्जी होते पण त्या मानाने कमी. ही चिलटं ओल्या चिखलात वाढतात, तुमच्याकडे पाट-शेततळी असणारच. पहाटे आणि दिवस मावळताना जास्त चावतात, तेव्हा घोडी आत घ्या आणि मोठा पंखा लावा, त्यांना वाऱ्यात उडता येत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पंख्याने पडला, डब्याने नाही. आणि लसूण रोजचा रोज भरपूर गेला तर घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं. काकांना नम्रपणे नाही म्हणा.

पशुवैद्यक_शिकतेय:
दादांना अनुमोदन. ताई, गाईंचं किंवा कोंबड्यांचं काहीही राणीला देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. अशा खाद्यात कधीकधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं, कोंबडीला चालतं पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने खराब होतात आणि अगदी थोड्यानेही जीव जातो.

तीन डबे एकत्र देण्याचा दुसरा धोका सेलेनियम या खनिजाचा. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण १ ते ३ मिलिग्रॅम पुरतं, आणि ते प्रत्येक डब्यात थोडं थोडं असू शकतं, बेरीज कुणी करत नाही. जास्त झालं की आयाळ-शेपटीचे केस झडतात आणि खुरं तडकतात, म्हणजे तुम्हाला वाटणार अ‍ॅलर्जी वाढली! त्यामुळे ज्या डब्यावर प्रमाण छापलेलं नाही तो घेऊच नका.

खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताच्या टेस्टवर घोड्यांमध्ये भरवसा ठेवता येत नाही. त्यापेक्षा एकेक पदार्थ बंद करून बघायचा, आधी हरभरा म्हणा, चार ते सहा आठवडे थांबायचं आणि मग परत सुरू करून खाज वाढते का ते बघायचं. पण हे पावसाळा संपल्यावर, नाहीतर चिलटांमुळे काहीच कळणार नाही. नवीन वस्तू पण एका वेळी एकच.

द्यायचंच असेल तर जवस, ताजं दळलेलं, चमचा-दोन चमच्यांपासून. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठाच्या लोकांनी २००२ मध्ये चिलटांची अ‍ॅलर्जी असलेल्या घोड्यांना जवस देऊन बघितलं, ४२ दिवसांत कातडीवरची रिअ‍ॅक्शन कमी झाली, पण घोडे सहाच होते, तेव्हा आशा बेतानेच ठेवा. शिवाय जवसाचीही एखाद्याला अ‍ॅलर्जी असू शकते, गांधी वाढल्या तर लगेच बंद. डोस तुमच्या डॉक्टरांना विचारून. त्यांना पुढचा सल्ला लागला तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मखमलाबादकर (धागाकर्ती):
खूप खूप आभार दोघांचे! मोनेन्सिनचं वाचून अंगावर काटा आला, मिनरल मिक्स्चरची पिशवी बाबांनी तबेल्यातून काढून गाईंच्या गोठ्यात नेऊन ठेवली. पंखा आज बघतो. डॉक्टरांना जवसाचं विचारलं, ते म्हणाले चालेल, पण इंजेक्शनचा असर उतरू दे मग सुरू कर, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. एक राहिलंच विचारायचं, दळलेलं जवस फ्रीजमध्ये ठेवलं तर किती दिवस चालतं, की रोजचं रोजच दळायचं?

पशुवैद्यक_शिकतेय:
रोजचं रोज दळा ताई, दळून ठेवलं की तेल खवट होतं. मिक्सरला दोन मिनिटांचं काम आहे.